गणिताने काढलेला प्रकाश आणि पडद्यावरील उजळपणा

संगणकाच्या साहाय्याने एखाद्या खोलीचे किंवा रस्त्याचे वास्तवसदृश चित्र तयार करावयाचे, म्हणजे प्रथम त्या स्थळीच्या प्रकाशाचा हिशेब करावयाचा. दिव्यातून निघालेला प्रकाश भिंतीवर पडतो, भिंतीवरून छताकडे जातो, छतावरून जमिनीवर येतो आणि त्याचा काही अंश शेवटी प्रेक्षकाच्या डोळ्यात शिरतो. ही सर्व देवघेव एका संकलन-समीकरणात मांडता येते हे जेम्स काजिया यांनी १९८६ साली दाखविले. या समीकरणाची उकल करण्याच्या रीती गेल्या चार दशकांत पुष्कळ सुधारल्या असून त्यांवर विद्यार्थ्यांना विपुल वाङ्मय उपलब्ध आहे. परंतु उकल हाती आली म्हणजे चित्र हाती आले, असा जो समज सर्रास आढळतो तो बरोबर नाही. उकलीतून मिळतात ते आकडे. प्रत्येक चित्रबिंदूच्या दिशेने किती प्रकाश येतो हे सांगणारे, मोजमापाच्या एककांतले आकडे. हे आकडे पडद्यावर कसे उतरवावयाचे हा वेगळाच प्रश्न आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

आरंभी दोन शब्दांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. एखाद्या पृष्ठभागाकडून डोळ्याच्या दिशेने येणारा, उपकरणाने मोजता येणारा जो प्रकाश, त्यास येथे ‘दीप्ती’ म्हटले आहे. तिचे एकक कँडेला प्रति चौरस मीटर. (यापुढे नुसता आकडा दिला असेल तेथे हेच एकक समजावे.) पाहणाऱ्याच्या मनात उमटणारी जी संवेदना, तिला ‘उजळपणा’ म्हटले आहे, ती उपकरणाने मोजता येत नाही. दीप्तीचे पडद्याच्या मर्यादेत बसेल असे रूपांतर करण्याच्या क्रियेस ‘टोन मॅपिंग’ हे नाव रूढ आहे. आपण तिला ‘छटारूपांतर’ म्हणू. व्यवहारात दीप्ती आणि उजळपणा हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि या विषयातील निम्मा गोंधळ त्यातूनच उत्पन्न होतो.

एक पांढरा कागद घ्या. भर दुपारच्या उन्हात त्याची दीप्ती सुमारे ३०,००० असते. वाचनाच्या चांगल्या दिव्याखाली ती सुमारे १४० भरते आणि पौर्णिमेच्या चांदण्यात सुमारे ०.०६. ऊन आणि चांदणे यांच्यातील हे प्रमाण जवळजवळ पाच लक्षांचे आहे. तरीही तिन्ही ठिकाणी कागद आपणांस पांढराच दिसतो, आणि तिन्ही प्रसंग परस्परांहून अगदी भिन्न आहेत हेही आपणांस पक्के कळते. डोळ्याची बाहुली लहानमोठी होते, हे त्याचे कारण फारच थोड्या अंशाने आहे. बाहुलीच्या आकुंचनाने प्रकाशात दहा-पंधरा पटींचाच फरक पडतो. खरे काम दृष्टिपटल करते. मंद प्रकाशात दंडपेशी आणि भरपूर प्रकाशात शंकुपेशी कामाला लागतात, आणि दोन्ही प्रकारच्या पेशी सभोवतालच्या प्रकाशाप्रमाणे आपली संवेदनक्षमता बदलतात. यास दृष्टीचे समायोजन म्हणतात. आता पडद्याकडे पाहू. कार्यालयातील साध्या पडद्याची कमाल दीप्ती शे-दोनशेच्या, फार तर तीनशेच्या घरात असते. आणि खोलीतील प्रकाश पडद्यावरून परावर्तित होत असल्यामुळे त्याचा ‘काळा’ भागही पूर्ण काळा राहत नाही. हिशेबाच्या सोयीसाठी आपण पडद्याची कमाल दीप्ती १०० धरू.

आता एक खोली कल्पनेत आणा. पलंगाखालच्या कोपऱ्याची दीप्ती १ आहे, आतील भिंतीची ४०, खिडकीजवळ उघड्या पडलेल्या पुस्तकाच्या पानाची ४०० आणि खिडकीबाहेरच्या आकाशाची ६,०००. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सर्वांत मोठी संख्या पडद्याच्या कमाल दीप्तीवर बसवावयाची आणि बाकीच्या संख्या त्याच प्रमाणात घटवावयाच्या. तसे केले असता आकाश १०० वर येते, पान ६.७ वर, भिंत ०.६७ वर आणि कोपरा ०.०१७ वर. म्हणजे पडद्यावर एक लख्ख खिडकी आणि भोवती मिट्ट काळोख! त्या खोलीत बसलेला मनुष्य तर भिंत, पान व आकाश ही तिन्ही विनासायास पाहत असतो. दुसरा सोपा मार्ग छाटणीचा. सर्व संख्या निम्म्या करावयाच्या आणि १०० च्या वर जे जाईल ते १०० वर कापावयाचे. आता कोपरा ०.५ आणि भिंत २० अशी ठीक येते; पण पान २०० ऐवजी आणि आकाश ३,००० ऐवजी, दोन्ही १०० वर येऊन थांबतात. कागद आणि आकाश एकाच पांढरेपणाचे होतात, आणि आकाशात ढग असल्यास तो नाहीसा होतो.

ही अडचण उघड दिसणारी आहे. तिच्यामागे आणखी एक अडचण आहे, ती दिसत नाही; आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची. प्रकाशाचे समीकरण रेषीय आहे. खोलीतील सर्व दिवे हजारपट प्रखर केले तर प्रत्येक बिंदूची दीप्ती बरोबर हजारपट होते, आणि कमाल संख्येने भागताच तो हजार निघून जातो. तेव्हा पणतीच्या उजेडातील खोली आणि त्याच जागी ठेवलेल्या शोधदीपाच्या उजेडातील खोली यांची पडद्यावरील चित्रे तंतोतंत एकच येतील. जो हिशेब इतक्या कष्टाने एककांसह केला, त्यातील मूळ परिमाणच शेवटच्या भागाकारात गळून पडते. जॅक टम्बलिन आणि हॉली रशमायर यांनी १९९३ साली याच दोषावर बोट ठेवले आणि या विषयास त्याचे आजचे स्वरूप दिले.

त्यांची मांडणी मूलतः साधी आहे. दोन प्रेक्षक कल्पावयाचे: एक प्रत्यक्ष स्थळी उभा असलेला, दुसरा पडद्यासमोर बसलेला. पहिल्याच्या डोळ्यात शिरणाऱ्या दीप्तीपासून त्याला होणारी उजळपणाची संवेदना एका फलनाने काढावयाची. दुसऱ्यालाही तेवढीच संवेदना व्हावी यासाठी पडद्यावर किती दीप्ती हवी, हे दुसऱ्या प्रेक्षकाच्या व्यस्त फलनाने काढावयाचे. आणि तेवढी दीप्ती पडद्याने द्यावी म्हणून त्यास कोणता अंक पुरवावयाचा, हे पडद्याच्या व्यस्त फलनाने. संवेदनेच्या फलनासाठी त्यांनी स्टीव्हन्स यांच्या प्रयोगांचा आधार घेतला. उजळपणा हा दीप्तीच्या लॉगरिदमप्रमाणे वाढतो असे फेक्नर यांनी १८६० मध्ये प्रतिपादिले होते. स्टीव्हन्स यांनी १९५७ मध्ये त्याऐवजी घातनियम पुढे केला. त्याप्रमाणे घातांक सुमारे एक तृतीयांश असतो, म्हणजे दीप्ती आठपट झाली असता उजळपणा दुप्पट भासतो. समायोजनाच्या स्थितीप्रमाणे हा घातांक बदलतो, आणि टम्बलिन-रशमायर यांच्या सूत्रातील गुंतागुंत बव्हंशी त्यामुळे आलेली आहे.

ग्रेग वॉर्ड यांनी १९९४ मध्ये प्रश्न किंचित निराळ्या रीतीने विचारला. उजळपणाची संवेदना जुळविण्याऐवजी त्यांनी दृश्यता जुळविली. प्रत्यक्ष स्थळी जो सूक्ष्म भेद जेमतेम कळतो, तो पडद्यावरही जेमतेमच कळावा. तेथे जो कळत नाही तो येथेही कळू नये. ब्लॅकवेल यांच्या प्रयोगांवर आधारलेल्या या सूत्रात एकच गुणक असून तो केवळ दोन गोष्टींवर अवलंबून असतो: स्थळावरील समायोजनाची दीप्ती आणि पडद्याची कमाल दीप्ती. प्रेक्षकाची दृष्टी कागदाच्याच दीप्तीशी समायोजित झाली आहे असे धरून आपल्या कागदाचे गणित मी या सूत्राने केले. १०० दीप्तीच्या पडद्यावर उन्हातील कागद ८४ वर येतो, दिव्याखालचा ६० वर आणि चांदण्यातील १.८ वर. पाच लक्षांचे प्रमाण सत्तेचाळीसवर आले, परंतु क्रम राहिला, आणि चांदणे हे चांदणेच राहिले.

वॉर्ड हे त्या वेळी लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ‘रेडिअन्स’ या संगणक-प्रणालीवर काम करीत होते; ती वास्तुरचनाकार आणि प्रकाशयोजनाकार यांच्यासाठी रचलेली होती. त्यामुळे चित्र सुंदर दिसावे यापेक्षा ते खोटे बोलू नये याची चिंता त्यांना अधिक असणे स्वाभाविक होते. आगीच्या वेळी वीज गेली असता जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा आपत्कालीन दिव्यात दिसतील काय, असा प्रश्न विचारणाऱ्यास ‘छान उजळलेले’ चित्र दाखविणे म्हणजे त्याची फसवणूकच. १९९७ मध्ये वॉर्ड, रशमायर व पियाट्को यांनी या विचाराला दीप्तींच्या आयतालेखाची जोड दिली. ज्या दीप्ती चित्रात विरळ आहेत त्यांच्यावर पडद्याची जागा खर्ची घालावयाची नाही, पण कोणत्याही दोन दीप्तींतील भेद प्रत्यक्षाहून अधिक ठळक होऊ द्यावयाचा नाही, असे त्याचे तत्त्व आहे. प्रखर दिव्यामुळे डोळ्यापुढे येणारी धूसरता आणि अंधारात कमी होणारी दृष्टीची तीक्ष्णता यांचाही त्यात समावेश होता. त्याच्या आदल्या वर्षी कॉर्नेल विद्यापीठातील फर्वर्डा, पट्टनाईक, शर्ली आणि ग्रीनबर्ग यांनी अंधुक प्रकाशात रंगांची जाण लोपते आणि अंधाराला डोळा सरावण्यास वेळ लागतो, या दोन्ही गोष्टी चित्रात आणून दाखविल्या. यांपैकी सुमंत पट्टनाईक हे पूर्वी मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेत होते (ती पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली). तेथे त्यांनी सुधीर मुदूर यांच्यासह प्रकाशकणांच्या यादृच्छिक भ्रमणाद्वारे दीप्ती काढण्याच्या रीतीवर जे काम केले, ते या विषयाच्या मूळ वाङ्मयात गणले जाते. आपल्या विद्यार्थ्यांनी ते अवश्य वाचावे.

येथवर जो प्रवाह पाहिला त्याचे मूळ मानसभौतिकीत आहे. दुसरा प्रवाह छायाचित्रणातून आला, आणि व्यवहारात तोच प्रबळ ठरला. छायाचित्रकारांपुढे हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीपासून उभा होता. फिल्मवर पडलेला प्रकाश आणि तिच्यावर येणारा काळेपणा यांचा संबंध हर्टर व ड्रिफील्ड यांनी १८९० मध्ये आलेखाने मांडला. तो आलेख दोन्ही टोकांना वाकून आडवा होतो: अतिप्रकाश फिल्म एकदम छाटीत नाही, हळूहळू दाबीत जाते. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी पुढे १९४० च्या सुमारास दृश्यातील छटांचे क्रमांक ठरविण्याची पद्धती बसविली. कोणती छटा कागदावर मध्यम करड्या रंगात उतरावी हे छायाचित्रकाराने स्वतः ठरवावयाचे, आणि मग अंधारखोलीत काही भाग झाकून व काही भागांवर अधिक प्रकाश देऊन बाकीचे जुळवून घ्यावयाचे, अशी ती रीत.

राइनहार्ड, स्टार्क, शर्ली आणि फर्वर्डा यांनी २००२ मध्ये हीच रीत गणितात आणली. चित्रातील सर्व दीप्तींचा भूमितीमध्य काढावयाचा, तो ०.१८ वर येईल अशा प्रमाणात सर्व संख्या बदलावयाच्या. आणि मग प्रत्येक संख्येस पुढील सूत्र लावावयाचे:

प = ल ÷ (१ + ल)

येथे ल ही प्रमाणात आणलेली दीप्ती आणि प हा पडद्याच्या कमाल दीप्तीचा अंश. ल लहान असता प जवळजवळ ल इतकाच राहतो. ल कितीही वाढला तरी प एकच्या पुढे जात नाही. आपल्या खोलीचा भूमितीमध्य ३६ धरला, तर कोपरा, भिंत, पान आणि आकाश यांचे ल अनुक्रमे ०.००५, ०.२, २ आणि ३० येतात, आणि पडद्यावरील दीप्ती ०.५, १६.७, ६६.७ व ९६.८. चारही गोष्टी दिसू लागल्या! एका भागाकाराने इतके काम व्हावे याचे प्रथमदर्शनी आश्चर्य वाटते. योगायोगाची गोष्ट अशी की नाका व रशटन यांनी १९६६ मध्ये माशाच्या दृष्टिपटलातील विद्युत्प्रतिसाद मोजून जे सूत्र दिले, त्याचे रूपही हेच आहे. त्यावरून काही लेखक या भागाकारास दृष्टीचा नियम समजू लागले आहेत. ते सयुक्तिक नाही. पेशीच्या सूत्रात एकच्या जागी येणारी राशी समायोजनाप्रमाणे सरकते, आणि खरा प्रश्न ती किती सरकावी हाच असतो.

आता मूळ आक्षेपाकडे परत वळू. भूमितीमध्याने भागले म्हणजे सर्व दिव्यांचा सामाईक गुणक पुन्हा निघून जातो. आपला कागद सर्व दृष्टिक्षेत्र व्यापून असेल, तर उन्हात, दिव्याखाली आणि चांदण्यात त्याचा ल प्रत्येक वेळी ०.१८ च येतो आणि पडद्यावरील दीप्ती प्रत्येक वेळी १५.३. वॉर्ड यांच्या सूत्राने ८४, ६० आणि १.८ असे वेगवेगळे राहिलेले तीन प्रसंग येथे एकरूप झाले. १९९३ मध्ये जो दोष दाखवून देण्यात आला, तो अधिक सुबक वेषात परत आला असे म्हणावयास हरकत नाही. राइनहार्ड प्रभृतींना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. ०.१८ ही संख्या त्यांनी वापरणाऱ्याच्या हाती ठेवली आहे. रात्रीचे दृश्य असेल तर त्याने ती ०.०९ किंवा ०.०४५ करावी, उजळ असेल तर ०.३६ किंवा ०.७२. म्हणजे दृश्य मुळात किती प्रकाशित आहे याचा निर्णय हिशेबाकडून काढून छायाचित्रकाराकडे दिला आहे. चलच्चित्रांत आणि संगणकीय खेळांत हे योग्यच आहे. तेथे दिग्दर्शकाला हवी ती रात्र मिळाली पाहिजे. जिन्याच्या दिव्यांविषयी मत देणाऱ्यास मात्र ही सोय घातक आहे.

येथे विद्यार्थ्यांचा एक नेहमीचा घोटाळा दूर करणे इष्ट. पडद्याला पुरविलेला अंक आणि त्याने दिलेली दीप्ती यांचा संबंध रेषीय नसतो. दीप्ती अंकाच्या सुमारे २.२ व्या घाताप्रमाणे वाढते. म्हणून अंक पाठविण्यापूर्वी त्याचा व्यस्त घात घ्यावा लागतो. १९९९ मध्ये प्रमाणित झालेल्या एस-आर-जी-बी संकेतात हीच योजना आहे. या क्रियेस ‘गॅमा’ म्हणतात. तिचे काम पडद्याचा स्वभाव फेडण्याचे, आणि ० ते २५५ या मोजक्या पायऱ्या डोळ्याला जेथे अधिक लागतात त्या गडद छटांकडे अधिक देण्याचे. हे छटारूपांतर नव्हे. छटारूपांतर झाल्यावर गॅमा लागतोच, आणि गॅमा लावला म्हणून छटारूपांतराची गरज संपत नाही.

या पायऱ्यांच्या हिशेबाने राइनहार्ड-सूत्राची दुसरी मर्यादा कळून येते. आकाशात १२,००० दीप्तीचा ढग आहे असे समजा. प्रत्यक्षात तो आकाशाच्या दुप्पट तेजस्वी आहे. सूत्राने आकाश ०.९६८ वर आणि ढग ०.९८४ वर येतो. संकेतांकांत सांगावयाचे तर २५१ आणि २५३. दोन पायऱ्यांत ढग कसा मावणार? ढगाची दीप्ती नेमकी पूर्ण पांढऱ्यावर बसेल असा फेरफार सूत्रात करता येतो. तो करूनही अंक २५२ व २५५ इतकेच येतात. कारण स्पष्ट आहे. जोवर सर्व चित्रास एकच वक्र लावावयाचा आहे, तोवर भिंतीला दिलेली जागा ढगाकडून काढून घ्यावी लागणारच.

त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक बिंदूस त्याच्या परिसराप्रमाणे वेगळी वागणूक द्यावयाची. डोळाही काही अंशी असेच करतो, आणि अंधारखोलीत छायाचित्रकारही. परंतु परिसर कोणता? आकाशालगतच्या खिडकीच्या चौकटीचा परिसर घेताना त्यात आकाश शिरले, तर सरासरी वाढते, चौकट अकारण दडपली जाते आणि खिडकीभोवती काळसर पट्टा उमटतो. च्यू आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या पद्धतीत हे प्रभावलय ठळकपणे दिसत असे. यातून बाहेर पडण्याच्या तीन वाटा एकाच वर्षी, २००२ मध्ये, प्रसिद्ध झाल्या. राइनहार्ड प्रभृतींनी तीव्र कड ओलांडणार नाही असा मोठ्यात मोठा परिसर प्रत्येक बिंदूसाठी शोधला. ड्युरँड व डॉर्सी यांनी कडा अबाधित राखणाऱ्या बायलॅटरल फिल्टरने चित्राचे ‘पाया’ आणि ‘तपशील’ असे दोन थर केले आणि फक्त पाया दाबला. ढगाची दुपटीची तफावत तपशिलाच्या थरात राहिली, तर ती तशीच टिकते. फट्टाल, लिशिन्स्की व वेर्मन यांनी दीप्तीऐवजी तिच्या चढउतारांवर काम केले: मोठे चढ कमी केले, लहान तसेच ठेवले आणि मग समीकरण सोडवून चित्र पुन्हा उभे केले.

तीनही रीतींची चित्रे डोळ्याला समाधान देतात. परंतु त्यांची किंमत काय, हे संशोधकाने विसरू नये. एका वक्राने केलेल्या चित्रात अधिक दीप्तीचा बिंदू कधीही कमी उजळ दिसत नाही; क्रम अभंग राहतो. स्थानिक रीतीत ही हमी उरत नाही. भिंतीवरील एक ठिपका आणि आकाशातील एक ठिपका पडद्यावर एकाच करड्या छटेत येऊ शकतात, जरी प्रत्यक्षात त्यांच्यात शंभरपटींचे अंतर असले. अशा चित्रावरून कोणता पृष्ठभाग किती प्रकाशित आहे याचे अनुमान काढणे व्यर्थ होय.

रंगाविषयी थोडेच लिहितो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. लाल, हिरवा व निळा यांचे अंश ८, २ व ०.४ असलेली नारिंगी ज्वाला छाटली तर १, १, ०.४ होते, म्हणजे पिवळी. प्रत्येक रंगास राइनहार्ड-सूत्र वेगवेगळे लावले तर ०.८९, ०.६७, ०.२९ येतात, ज्वाला पिवळटही होते आणि फिकीही. फिल्मही असेच करीत असे, आणि शंभर वर्षे चित्रपट पाहून प्रखर ज्वाला फिकट दिसण्याची आपणांस इतकी सवय झाली आहे की नुकत्याच रचलेल्या अनेक वक्रांत हा ‘दोष’ मुद्दाम ठेवलेला असतो.

अधिक तेजस्वी पडदे आले म्हणजे हा सर्व खटाटोप अनावश्यक होईल, असेही ऐकू येते. २०१४ मध्ये प्रमाणित झालेला पी-क्यू संकेत १०,००० पर्यंतची दीप्ती नोंदवू शकतो, आणि १,००० दीप्तीचे पडदे आता घरोघरी येऊ लागले आहेत. त्यामुळे आपल्या खोलीतील ढगाला जागा मिळेल हे खरे. परंतु उन्हातील कागद ३०,००० वरच राहील. आणि चांदण्यातील कागद पडद्यावर बरोबर ०.०६ वर दाखविला, तरी दिवे लावलेल्या दिवाणखान्यात बसलेल्या प्रेक्षकाला तो काळाच दिसेल. तेथे अडचण पडद्याच्या शक्तीची नसून दोन प्रेक्षकांच्या समायोजनातील अंतराची आहे.

विभागातील प्रबंधांत संगणकनिर्मित चित्रे आता वरचेवर येऊ लागली आहेत, म्हणून व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी की दीप्तीच्या मूळ संख्या छटारूपांतरापूर्वीच जतन कराव्यात. वॉर्ड यांनी १९९१ मध्ये सुचविलेल्या रचनेत तीन रंगांचे तीन बाइट आणि सामाईक घातांकाचा एक, अशा चार बाइटांत प्रत्येक बिंदू साठविता येतो. त्यात सुमारे ७६ दशघातांचा विस्तार मावतो आणि चूक एक टक्क्याच्या आसपास राहते. २००३ पासून सर्वांना खुली असलेली ओपन-ई-एक्स-आर ही रचनाही तितकीच सोयीची आहे. आठ बिटांचे तयार चित्र तेवढे ठेवले, तर पुढे कोणालाही त्यातून मूळ आकडे काढता येणार नाहीत. दुसरी गोष्ट अशी की चित्राखालील ओळीत कोणते रूपांतर वापरले, मध्यम छटेस कोणती संख्या दिली आणि रीत एका वक्राची की स्थानिक, हे लिहावे. चित्रावरून प्रकाशाच्या पुरेपणाविषयी काही म्हणावयाचे असेल, तर शेजारी दीप्तीच्या समरेषा काढलेला किंवा ठरावीक रंगपट्टीने रंगविलेला नकाशा जोडावा. रेडिअन्समध्ये अशा नकाशांसाठी ‘फॉल्सकलर’ नावाचा कार्यक्रम आयताच आहे, आणि तो वापरण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत.